ओंजळीपासून हातभर वर

धम्मप्रियाने आपल्या तीन मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये एकही शब्द ठेवला नव्हता. ओसरीखाली उभी असलेली बाई ओंजळ धरते आणि वरून कुणीतरी तांब्याने पाणी ओततं, एवढंच. विटाळ नको म्हणून तांब्या हातभर वर. तिची आई चांगुणा उमरीत तसंच पाणी पिऊन मोठी झाली होती. धम्मप्रिया दर दृश्यात ते अंतर वाढवत गेली. शेवटी धार ओंजळीपर्यंत पोचतच नाही.

ती काम करायची त्या लातूरच्या स्टुडिओचा मालक सोमेश बघून गहिवरला. "तहानलेल्याला पाणी! काय संस्कृती हाय आपली! पण बोलल्याबिगर पब्लिकला कळत नसतंय."

"सर, ते अंतर बघा ना."

"कोणतं अंतर?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शिवू नये म्हणून ठेवलेलं. तुमच्या आजीला विचारा, तिला बरोबर ठाऊक असंल."

"जुनं कशाला उकरून काढता?" असं म्हणून सोमेशने फिल्मवर स्वतःचाच आवाज चढवला: पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही.

उन्हाळ्यात स्टुडिओने चौकात पाणपोई घातली. बॅनरवर फिल्ममधलंच चित्र लावलं, आणि खाली सोमेशचा फोटो बसावा म्हणून ते अर्ध्यातून कापलं.

लेकीचं काम बघायला चांगुणा मुद्दाम उमरीहून आली. बॅनरवरच्या धारेवरून तिची नजर खाली सोमेशच्या फोटोवर आली.

"तांब्या हाय, धार हाय," ती म्हणाली. "माझे हात कुठं गेले गं?"