पंतप्रधान छापणारी चौकट

माझ्या जाळीवर एका पंतप्रधानाचे डोळे, चष्मा आणि मिशा आहेत, मित्रांनो. बाकीचा चेहरा नाही. घाबरू नका! मी कापडावर चित्र छापायची जुनी चौकट आहे. लाकडाच्या चार पट्ट्या आणि ताणून बसवलेली बारीक जाळी, एवढाच माझा देह. एका चेहऱ्याला चार चौकटी लागत, एकेका रंगाला एकेक. मी काळ्या रंगाची, म्हणून सगळ्यांत शेवटी. मी येईपर्यंत साहेब नुसते तपकिरी भोपळ्यासारखे दिसायचे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, धर्मेशशेठच्या कापड-छपाईच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आफ्रिकेतल्या एका देशात निवडणूक होती. तिकडे बायका पुढाऱ्याचा चेहरा छापलेलं कापड कमरेला गुंडाळून सभेला जातात, आणि ते कापड आमच्याकडून जायचं. हा पुढारी साधा शाळामास्तर होता. त्याच्या चेहऱ्याखाली परक्या भाषेत एक ओळ होती, तीही माझ्याच अंगावर. तिचा अर्थ आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हता. फार पुढे कळला : 'मला दोनदाच निवडून द्या. मग मी परत शाळेत जाईन.'

मला चालवायचा झुंबर. बीडकडून आलेला, उमरोळीला भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार. हात असा की रंग रेघेबाहेर म्हणून जायचा नाही. शेठ त्याला म्हणाले, "झुंबर, ही ऑर्डर टाइमवर काढ, तुला पर्मनंट करून टाकतो." त्या एका शब्दावर गड्याने जीव टाकला. 'आज काम आहे का' असं रोज फाटकावर विचारायला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मास्तर जिंकले, पंतप्रधान झाले. पाच वर्षांनी परत मागणी आली, मी परत टेबलावर चढले, मास्तर परत जिंकले. शेठनी नवी गाडी घेतली आणि झुंबरच्या हातावर एक पेढा ठेवला. "पुढच्या वेळेला पक्का!" म्हणाले.

काम संपलं की चौकटीला औषधाने धुऊन कोरी करतात. पण झुंबरने मला दोन्ही वेळा फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. "इतकं नामी काम परत व्हायचं नाय," तो म्हणाला. एवढी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही.

तिसऱ्या निवडणुकीला मास्तरांनी शब्द फिरवला. तिसऱ्यांदा उभं राहता यावं म्हणून कायदाच बदलून घेतला, विरोध करणाऱ्यांना आत टाकलं. खालची ओळही बदलली : 'माझं काम अजून बाकी आहे.' तिच्यासाठी नवी काळी चौकट आली. मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण निम्मं कापड व्हायच्या आत तिची जाळी फाटली. जहाज दोन दिवसांवर आलेलं.

"ती जुनी आहे ना? लाव," शेठ म्हणाले.

झुंबरने मला उजेडात धरलं. "शेठ, तोंड त्येच हाय, पर खालची अक्षरं येगळी दिसत्यात."

"अरे, अक्षरं कोण वाचतंय! बायका कमरेला गुंडाळतात."

"ज्यांची भाषा हाय त्ये वाचतील की."

"तुला पर्मनंट व्हायचंय की नाही?"

झुंबरने मला टेबलावर लावलं आणि मी छापत सुटले.

तिकडे गाठोडी उघडली आणि बोंब झाली. निम्म्या बायकांच्या कमरेला नवी ओळ, निम्म्यांच्या कमरेला जुनं वचन! भर सभेत बायका उठल्या आणि ते वचन मोठमोठ्याने वाचू लागल्या. महिन्याभरात पक्षानेच मास्तरांना खाली ओढलं. आता ते शाळेत शिकवतात का? छे हो! परदेशात, समुद्राकाठच्या बंगल्यात, पेन्शन खात बसलेत.

काम गेलं ते झुंबरचं. गिऱ्हाइकाला दोषी माणूस हवा होता. "याने मला न विचारता जुनी चौकट लावली," शेठनी बेधडक सांगितलं. अख्खा कारखाना मान खाली घालून उभा. मला सगळं माहीत होतं, पण चौकटीची साक्ष कोण काढतो! शेठनी मलाही त्याच्या अंगावर भिरकावलं.

तेव्हापासून मी उमरोळीत आहे. झुंबरची बायको नर्मदा माझ्यावर जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळवते. जवळा आणून देणारी तारापूरकडची कोळीण पुष्पलता एकदा म्हणाली, "बाय, ह्यो चष्मेवाला कोन हाय गो?"

"आमच्या पोटावर पाय देऊन गेलेला पावना," नर्मदा म्हणाली.

गेल्या महिन्यात शेठ गाडी घेऊन दारात आले. त्या देशातल्या नव्या पुढाऱ्याची मागणी होती आणि काळा रंग कुणाला जमत नव्हता. "चल झुंबर. या वेळेला नक्की पर्मनंट. आईशप्पथ!"

झुंबर जागचा उठला नाही. "तोंडी नको, शेठ. कापडावर छापून द्या. अक्षरं मोठी ठिवा, बायका वाचत्यात."

शेठ हसले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी झुंबर बेटेगावच्या नाक्यावर रोजंदारीला उभा राहिला. नर्मदाने न कुरकुरता त्याला डबा बांधून दिला होता.

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मला मेलीला जपून झुंबरचं काय भलं झालं? तुम्ही, दुसऱ्यांनी तुम्हाला दिलेले शब्द जपा. देणारा ते धुऊन कोरे करण्यासाठी परत मागायला येईल, गोड बोलेल, शपथा घेईल. देऊ नका.