हेटीच्या पाटीवरची टिकली

मित्रांनो, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात माझा जन्म गेला. मी विल्फ हेब्डन यांचा जुना कुंचला. खारीच्या शेपटीचे मऊ केस आणि चेरीच्या लाकडाची दांडी, एवढीच माझी संपत्ती. यॉर्कशरच्या आमच्या गावातल्या बहुतेक पाट्यांवरून मी फिरलो आहे.

तुमच्या भाषेत मालकी सांगायला चा, ची, चे असते. इंग्रजीत नावापुढे वर एक शेपटीवाली टिकली देतात, मग एस काढतात. मालक अनेक असले, तर बहुधा एस आधीच असतो आणि टिकली शेवटी येते. मुलग्यांच्या शाळेची पाटी मी तशीच रंगवली होती.

विल्फ सगळी अक्षरे काढत, पण टिकलीची जागा मोकळी ठेवत. ती मालकाने स्वतःच्या हाताने द्यायची, ही आमच्या गावची रीत. टिकली देईल तो मालक, असेच सगळे मानत.

बेकरीवाले क्लेमंट वारले, त्या वसंतात त्यांची पाटी नव्याने रंगवायची होती. विल्फ टिकलीपाशी थांबले. तोच क्लेमंटचा भाऊ रूफस शिडीपाशी आला.

"आणा तो कुंचला. भावाचं दुकान, टिकली मी देतो."

क्लेमंटची बायको हेटी दारात उभी होती. तीस वर्षे पहाटेची भट्टी तिनेच पेटवली होती. आता दुकान तिच्या डोळ्यांदेखत जात होते. विल्फनी मला घट्ट धरून ठेवले.

"थांबा भावजी," हेटी म्हणाली. "विल्फदादा, ते नाव पुसा. माझं लिहा."

"अगं वहिनी, तुझ्या नावाचा पाव कोण खाणार?"

"तीस वर्षं तुम्हीच खाताय की! शिवाय आल्याचा केकही मागून नेता."

रस्त्यावरची माणसे खो खो हसली. रूफसचे कान लाल झाले. विल्फनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, नवे नाव काढले आणि मला हेटीच्या हाती दिले. तिच्या बोटांना पीठ होते, आणि मला तिने लाटण्यासारखे मुठीत धरले. टिकली जाड आणि जराशी तिरकी आली.

"नीट करू का, बाई?" विल्फनी विचारले.

"नको. माझीच आहे ती."

इतक्या सुबक पाट्या मी रंगवल्या, पण मन रमते ते त्या तिरक्या टिकलीत. आता मी डब्यात पडून असतो, आणि माझी काही तक्रार नाही. एवढेच सांगतो, मित्रांनो: ज्याच्या हातांनी काम चालते, त्याचे नाव लिहायला कचरू नका. आणि लिहून झाले की कुंचला तेवढा धुवून ठेवा.