निळ्या रेघांवरची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे, तीही बिनवाफेची. मला एका हाताने उचलायला गेलात तर दुसरा हात आपोआप मदतीला येतो, इतकी मी जड आहे. माझी स्वतःची गोष्ट म्हणाल तर तापणं आणि गार होणं, एवढीच. पण ज्या हातांनी मला तापवलं त्यांची गोष्ट मला सांगायची आहे. ती आठवली की अजूनही मला नवल वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या कितीतरी जणी पट्ट्यावरून सरकत होत्या. तपासणाऱ्याने माझ्या तळावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्र करून उडाला आणि मी पास झाले. पुढे नव्याने संसार मांडणाऱ्या एका जोडप्याने मला घरी नेलं. त्यांच्या लेकीने त्यांना आई-बाबा म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून मीही तेच म्हणते.

लेक दहा वर्षांची असताना बाबांना परदेशात नोकरी लागली. सामान बांधताना वजनाचा प्रश्न आला.

"ही कशाला?" बाबा म्हणाले. "तिथे इस्त्र्या मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण हलक्या."

"आपण घर हलवतोय की लाँड्री?"

"तुमचे शर्ट तुम्ही स्वतः करणार असाल तर ठेवते इथेच."

बाबांनी मुकाट्याने दोन टॉवेल आणून दिले आणि त्यांत गुंडाळून मी परदेशी गेले. तिथल्या भिंतीतल्या भोकांत माझी पिन जाईना. तिथल्या वायरमनने ती बदलून दिली, मला हातात तोलून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. आई मात्र अभिमानाने हसली.

पहिली दोन वर्षं आईला त्या देशात नोकरी करायची परवानगी नव्हती. घरातली कामं अकरा वाजता संपायची आणि दुपार संपता संपायची नाही. कोपऱ्यावरच्या वाचनालयात, मागच्या खोलीत, दर मंगळवारी काही बायका गोधड्या शिवायला जमत. एका मंगळवारी आई मला पिशवीत घालून तिथे गेली. तिला तिथली भाषा भाजी घेण्यापुरती येत होती, गप्पा मारण्यापुरती नव्हे.

त्या खोलीचा कारभार एका उंच बाईकडे होता. तिने तीस वर्षं शहरात बस चालवली होती, म्हणून आमच्या घरात तिचं नाव बसवाली पडलं. आईने दोन तुकडे जोडले आणि शर्टावर फिरवतात तशी मला शिवणीवरून सरकवली. बसवालीने हळूच तिचं मनगट धरलं.

"दाबायचं," ती म्हणाली. "सरकवायचं नाही."

मित्रांनो, गोधडीचे तुकडे तळहाताहून लहान असतात. इस्त्री सरकवली की कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. म्हणून इस्त्री उचलायची, ठेवायची, तीन मोजायचे आणि परत उचलायची. तेही कापडाच्या मागच्या बाजूने. शर्टावर मी होडीसारखी चालायचे. इथे मला कोंबडीसारखं एका जागी बसायला शिकावं लागलं.

पण तिथे बसल्या बसल्या मी काय काय पाहिलं! आठ तुकड्यांची आठ टोकं मोहरीएवढ्या जागेत येऊन भेटत आणि पुढून पाहणाऱ्याला तिथे तारा दिसे. मागची बाजू फक्त मला दिसायची. तिथे प्रत्येक शिवण गडद कापडाच्या बाजूला लवलेली असे, म्हणजे पुढून तिची सावली पडत नाही. हे सगळं आई मनातल्या मनात ठरवायची. ज्या बाईला दुकानात सुट्टे मागताना शब्द सापडत नसत, तिला दोनशे तुकड्यांतला कुठला कुठे जाणार ते न लिहिता आठवत असे.

तुकडे भिंतीवर टाचून ती दारापर्यंत मागे जायची आणि एक डोळा मिटून बघत राहायची. बाबा कामावरून आले की तिच्या मागे दारातच उभे राहत.

"इतकं टक लावून बघू नकोस, दृष्ट लागेल."

"तिसऱ्या ओळीतला हिरवा खटकतोय."

"मला तर सगळेच हिरवे सारखे दिसतात."

"म्हणून तर तुमचे मोजे मी जुळवते."

पुढे आईला नोकरी लागली, लेक शिकून दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर झाली, पण मंगळवार चुकला नाही. लेकीने पहिल्या पगारातून वाफेची नवी इस्त्री आणली. बाबांचे शर्ट तिच्याकडे गेले. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग आई म्हणाली, "गोधडीला मात्र हीच," आणि माझी जागा शिवणाच्या टेबलावर कायम झाली.

आईने एकूण एकतीस गोधड्या शिवल्या. शेजाऱ्यांच्या बाळांना, लेकीच्या मैत्रिणींना, बसवालीच्या बहिणीला, सगळ्यांना दिल्या. घरात एकही राहिली नाही.

"सगळ्या गावाला गोधड्या, आणि घरचा माणूस दुकानच्या ब्लँकेटात," बाबा म्हणायचे.

"झोपेत लाथा मारता. आधी पाय आवरा, मग बघू."

मग आई आजारी पडली. त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. एक दिवस टेबलावर बारीक रेघांचा एक आकाशी तुकडा आला. त्यावर बसताक्षणी मी त्याला ओळखलं. तो बाबांचा ऑफिसचा शर्ट होता. मी त्याला शेकडो वेळा कडक केलं होतं. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. ज्या कापडांवरून मी अर्धं आयुष्य फिरले होते, ती सगळी आता चौकोन होऊन माझ्याखाली येत होती, आणि आई त्यांतून बाबांसाठी गोधडी जोडत होती. यापूर्वी मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

वरचा थर जोडून झाला तेव्हा आईच्या बोटांना सुई धरवेनाशी झाली. गोधडीचे तीन थर असतात: वर जोडकाम, मध्ये कापूस, खाली अस्तर. तिन्ही एकत्र धरून ठेवणारे धावते टाके अजून घालायचे होते. ते कुठून घालायचे, याच्या रेघा आधी वरच्या थरावर आखतात. आईने निळं पेन घेतलं. त्याची शाई पाण्याने जाते. चार दुपारी ती आखत होती. रेघा पाण्यावरच्या लाटांसारख्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या. मधेमधे हात हलला, तिथे त्याही हलल्या.

लेक भेटायला आली तेव्हा आईने कापड तिच्यासमोर पसरलं.

"रेघा मी मारून ठेवल्यात. टाके तू घाल."

"अगं, मला कुठे येतं?"

"लोकांच्या हिरड्यांना घालतेस की. कापड तर ओरडतसुद्धा नाही."

लेक हसली. आई म्हणाली, "रेघांच्या कडेने तुला लिहून ठेवलंय. आत्ता नको, शिवताना वाच. शिवून झालं की गार पाण्यात बुडव, सगळं जाईल."

"सगळं?"

"सगळं. म्हणून तर मोकळेपणाने लिहिलंय. एक लक्षात ठेव, धुवायच्या आधी इस्त्री लावायची नाही. ऊब लागली की ही शाई कायमची बसते."

बाबा त्या वेळी औषधं आणायला गेले होते.

महिन्याभराने एका सकाळी बाबांनी मला स्वतः उचललं आणि एक पांढरा शर्ट इस्त्री केला. घरात बरीच माणसं होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. कॉलरवर त्यांनी मला तीनदा फिरवलं, तरी सुरकुती गेली नाही. त्यांच्या हातातून शर्ट काढून घेणारं कोणी आलं नाही. त्यानंतर कित्येक आठवडे मला कोणी हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली.

लेकीने गोधडीसाठी सुट्टी काढली. ती यायच्या आदल्या दिवशी बाबांनी कपाटातून कापड काढलं. घडी घालून ठेवल्यामुळे त्याला आडव्या-उभ्या चुण्या पडल्या होत्या. "पोरीला असं कसं द्यायचं?" ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी माझी धूळ पुसली, पिन लावली.

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. मी तापले. तापणं एवढंच मला येतं.

आणि बाबांनी काम किती सुंदर केलं! कापड उलटं घातलं. मला उचललं, ठेवलं, मोठ्याने तीन मोजले, परत उचललं. एकदाही सरकवलं नाही. इतकी वर्षं दारात उभं राहून त्यांनी ते पाहिलं होतं आणि त्यातलं काही विसरले नव्हते. दोन तास ते वाकून उभे होते. शेवटी चुणी राहिली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि प्रत्येक रेघ धाग्याच्या आतपर्यंत बसली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीने कापड पाहिलं आणि ती थांबली. तिने ओला बोळा एका कोपऱ्यातल्या रेघेवर ठेवला. वाट पाहिली. उचलला. रेघ तशीच होती.

"बाबा, इस्त्री केलीत?"

"हो. दाबून केली. सरकवली नाही हं."

ती खुर्चीत बसली. मग तिने त्यांना शाईचं सांगितलं, अगदी हळू आवाजात.

"मला कोणी बोललं नाही," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी विचारलंही नाही कधी."

दुपारी बसवाली आली. तिने गार पाणी लावून पाहिलं, साबण लावून पाहिला, कापड खिडकीशी धरलं आणि मान हलवली. आता अडचण अशी होती की रेघा राहिल्या तर टाका रेघेवरून जरा घसरला तरी तो कायम दिसणार. आई शिवत असती तर प्रश्न नव्हता. लेक शिकाऊ होती. तिचा प्रत्येक चुकलेला टाका आईच्या रेघेशेजारी उघडा पडणार होता, आणि आईचं शेवटचं काम आपल्या हातून बिघडेल या भीतीने तिचे हात मांडीवरच राहिले.

बसवालीने रेघांशेजारच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

तिला आपली लिपी कुठून येणार? लेक तिला सांगण्यासाठी वाचू लागली, आधी आपल्या भाषेत, मग तिच्या. बाबा टेबलाशी उभे होते.

"'इथे उठ. पाणी पी. मान दुखायला लागली असेल.'"

कापड थोडं पुढे सरकलं.

"'ही बाही त्यांच्या पहिल्या मुलाखतीच्या शर्टाची. विरलीय. सुई हळू.'"

आणखी पुढे.

"'रविवारी जेवताना त्यांना फोन कर. एकटे असले की उभ्याउभ्या जेवतात.'"

बाबांनी चष्मा काढला. लेक थांबली, पण ते म्हणाले, "वाच."

"'इथलं वळण अवघड आहे. टाका चुकला तर चुकू दे. तुझ्या बाबांना काही कळणार नाही.'"

बाबांना हसू फुटलं. कित्येक आठवड्यांनी त्या खोलीत कोणी हसत होतं. "बघा," ते बसवालीला आपल्याच भाषेत म्हणाले, "गेली तरी टोमणा सोडला नाही."

बसवालीला शब्द कळले नाहीत, तरी तिने मान डोलावली. ती लेकीला म्हणाली, "मी आयुष्यभर रेघा आखल्या आणि धुऊन टाकल्या. हात कसा चालला होता ते कोणाच्याच गोधडीवर राहत नाही. या एकीवर राहिलंय." आणि तिने सुईत दोरा ओवून लेकीच्या हातात दिला.

लेकीने शिवायला घेतलं. तिचे टाके पुष्कळदा चुकले. कुठे ती रेघेच्या आत आली, कुठे बाहेर गेली, अवघड वळणावर तर चांगली बोटभर भरकटली. तिने एकही उसवला नाही. मी टेबलावरून बघत होते. एकाच कापडावर एक हात पुढे गेला होता आणि दुसरा त्याच्या मागून चाचपडत येत होता, आणि दोन्ही दिसत होते. माझ्या इतक्या वर्षांत इतकं मोठं काही मी पाहिलं नव्हतं.

तीन सुट्ट्या गेल्या तेव्हा गोधडी पुरी झाली. कडेची पट्टी शिवून झाल्यावर लेकीने अस्तराला लावायला एक पांढरा तुकडा कापला आणि त्यावर त्याच निळ्या पेनाने लिहिलं. मग बाबांना हाक मारली.

"बाबा, हे दाबून द्या."

बाबांनी तुकडा पाहिला आणि हात मागे घेतला. "अगं, याच्यावर रेघा आहेत. विचारून घेतो बाई आता. लावू का?"

"लावा. राहायलाच हवंय ते."

तुकड्यावर लिहिलं होतं: 'जोडली आईने, शिवली लेकीने, दाबली बाबांनी.' मित्रांनो, त्या अक्षरांवर मी आनंदाने तापून बसले.

आता ती गोधडी बाबांच्या पलंगावर असते. लाथा ते अजून मारतात म्हणे. तुमच्याही घरात कोणीतरी रोज आपल्या हातांनी काहीतरी करत असेल, आणि तुम्ही दारात उभे राहून बघत असाल. बघा, जरूर बघा, बाबा पुष्कळ शिकले त्याने. पण एकदा आत जा, शेजारी बसा आणि विचारा, हे असं का करतेस, आणि काय करायचं नाही. सांगणाऱ्याला ते फार आवडतं. आईला कोणी विचारलं असतं तर ती दिवसभर सांगत बसली असती, आणि मी तिच्या हाताशी गार झाले असते तरी तिला कळलं नसतं.