डाव्या बाजूची मोटर

दार उघडताच तिला मागच्या खोलीतून हातोडीचे ठोके ऐकू आले. त्या खोलीत तिच्या कटिंग मशीनशिवाय ठोकण्यासारखं काही नव्हतंच.

धाकटा दीर मशीनपुढे उकिडवा बसला होता. डावीकडची मोटर टेबलावर काढून ठेवलेली, तिच्या जागी नवी, दांडगी मोटर.

"वहिनी, तुमची मोटर जळली होती. बदलून टाकली!" बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा.

मशीन तिने स्वतः जोडलं होतं. सध्या अंधशाळेसाठी सहा फळ्यांवर नकाशे कोरायचे होते. जिने, वर्ग, स्वच्छतागृहं, सगळं बोटांनी चाचपून कळेल असं. सोमवारी नवी मुलं येणार होती. कालपासून मशीनची डावी बाजू थरथरत अडकायची, दोन्हीकडच्या मोटरींनी सरकणारा वरचा आडवा दांडा तिरका व्हायचा. चौथी फळी त्यातच वाया गेली.

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? अडकते म्हणजे मोटर गेली."

"मग चालवून दाखवा ही."

नवी मोटरही तशीच थरथरली.

"ही पण खराब निघाली," म्हणत त्याने वायरीच्या पिनेला हात घातला.

"हात काढा! चालू विजेत पिन ओढली की सर्किट जळतं, एवढंही ठाऊक नाही?"

तिने बटण बंद केलं आणि दोन्ही मोटरींच्या वायरींची अदलाबदल केली. आता डावी सुरळीत फिरली, उजवी अडकली. सर्किटच्या बाजूनेही वायरी बदलून पाहिल्या. तरी उजवीच अडकली.

"दुखणं वायरीत आहे," ती म्हणाली. वायर जिथे सतत दुमडते तिथे हाताला लिबलिबीत लागली. तिने वरचं आवरण चिरलं. आत तांबं तुटलेलं.

मग तिने जुनी मोटर उचलली. उपसताना तिचा दांडा वाकला होता. नव्या मोटरीवर चढवलेल्या पुलीचं भोकही वेडंवाकडं.

"नव्या दांड्यावर बसेना," दिराचा आवाज खाली आला, "म्हणून ड्रिलने जरा मोठं केलं."

तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. नवरा दारात येऊन म्हणाला, "जाऊ दे गं. त्याचा हेतू चांगला होता."

"मग हेतूवर फळी कापून दाखवा!"

नवरा आल्या पावली परत गेला.

"भाऊजी, सोमवारी फळ्या होणार नाहीत. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना तुम्ही सांगायचं."

"वायर तुटली म्हणून सांगतो."

"वायर मी अर्ध्या तासात बदलली असती. तुम्ही काय केलंत ते सांगा."

तो गेला. बाई रागावल्या नाहीत, उलट त्यालाच काम लावलं: फळ्या येईपर्यंत मुलांना जिना दाखवायला उभं राहायचं. सोमवार-मंगळवार तो जिन्यापाशी उभा राहिला, एकेका मुलाचा हात कठड्यावर ठेवत.

इकडे तिने एकसारख्या दोन मोटरी आणि पुल्या आणल्या. डावी-उजवी वेगळी ठेवणं तिला मंजूर नव्हतं. पुलीचा बारीक स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवर घट्ट आवळला. पुल्यांवरचे दोन्ही पट्टे सारखे ताणले. सतत दुमडली तरी तुटणार नाही अशी वायर घातली. प्रत्येक स्क्रू आवळताना दिराचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता, त्यामुळे एकही सैल राहिला नाही. चाचणीला चौकोन कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजले. बरोबर सारखे. मग चौथी फळी पुन्हा लावली.

बुधवारी सहाही फळ्या शाळेत पोचल्या. भिंतीवर बसवताना दिराने ड्रिल हातात घेतलं आणि थांबला.

"वहिनी, इथे भोक मारू का?"

"वीतभर खाली. मुलं उंच नाहीत."