बरोबरीची सावड

उत्तमरावाले मी माफ केलं नाही. लोक म्हणतात, जाऊ दे व बाई, कायले मनात धरून बसतं? बसतो धरून. माह्यं मन हाय, कोणाच्या बापाचं नाही.

आमी तिघं. मी धम्मशीला, माहा नवरा प्रसेनजित अन् आमची पोरगी सुवर्णा, दहावी झालेली. प्रसेनजित मेहकरात ट्रॅक्टरच्या वर्कशॉपवर वेल्डर होता. कॅनडात वेल्डर लागतात म्हणून त्यानं आमचा तिघांचा अर्ज भरला. मंजुरी आज येईल, उद्या येईल, या भरवशावर आमी मेहकरची खोली सोडली, भांडे वाटून टाकले, पोरीले अकरावीले बी टाकलं नाही. अन् मंजुरी काही आली नाही. घर नाही, दार नाही, नुसते मोबाईलकडं पाहून राह्यलो.

मंग प्रसेनजितनं त्याच मोबाईलवर काढलं, बाहेरदेशी लोक असे फिरतात म्हणे. कोणाच्या वावरात काम करायचं, त्यानं खोली अन् जेवण द्यायचं, मंग पुढच्या गावाले जायचं. मी म्हटलं, यात नवं काय हाय? याले माह्या माहेरी सावड म्हणतात. आज मी तुह्या वावरात, उद्या तू माह्या वावरात. ज्याची सावड त्यानं सोता येऊन फेडायची, गडी पाठवून चालत नाही. अन् ज्याचं वावर त्याची दुपारची भाकर, ते एका पंगतीत बसून खायची.

पह्यले आमी संग्रामपूरकडं आशाबाईच्या संत्र्याच्या बागेत राह्यलो. त्या माउलीनं आमाले कधी परकं धरलं नाही. बागेतले संत्रे तोडून झाले तसे आमी निघालो, अन् मोताळ्याजवळच्या या गावात उत्तमरावाकडं आलो. मोठा कास्तकार, गाव त्याले पाटीलच म्हणे. त्याच्या ट्रॉल्या मोडलेल्या, फाटक मोडलेलं, फवारणीचे पंप बंद. प्रसेनजितनं सारं जोडून देल्लं. मी निंदण केलं, सुवर्णा त्याच्या नातवाले इंग्रजी शिकवे. आमाले गोठ्यामागची खोली देल्ली. चहा भेटे, पण आमचे कप न्यारे, खिडकीत पालथे घातलेले. मी ते बी गिळलं, कारण कॅनडासाठी जो पोलिसाचा दाखला मांगितला होता, त्याच्या अर्जावर पत्ता त्याच्या घरचा होता.

एक दिवस वावरातल्या बायायनं पुसलं, तुमी इथं कशे आहो? मी सहज म्हटलं, सावडीनं आहो. मागं उत्तमराव उभा होता. असा हासला, असा हासला, बाप्पा! "सावड बरोबरीच्या माणसासंग होते बाई. तुमाले त आसरा देल्ला." बाया बी हासल्या. सुवर्णा हासली नाही, माह्याकडं पाहून राह्यली. मले जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तरी मी गप होती. पण मंग पोलीस आला. कॅनडावाल्यायले पोलिसाचा दाखला लागते, माणूस सांगितल्या पत्त्यावर राह्यते का, कसा हाय, याचा. आमी वावरात होतो. उत्तमरावानं दारातच सांगून टाकलं, "अशे कोणी राह्यत नाहीत आमच्याकडं. मजूर हाय, येतात, जातात." काऊन? त्याची बायको पुष्पाबाईच मले न्हाणीपाशी हळूच बोलली, "कापसाचा सीझन होईस्तोर तुमाले जाऊ द्याचं नव्हतं व त्यायले." दाखला नामंजूर झाला. एजंट म्हणे, एक डाव अजून चौकशी लावता येते. ते बी उलटी गेली त फाईल कायमची बंद.

त्याच दिवशी मी गोठ्यामागची खोली सोडली. गावातच आमच्या लोकायच्या मोहल्ल्यात अन्नपूर्णाकाकू राह्यतात. विधवा बाई, एकटी, दोन एकर कापूस. त्यायनं काही पुसलं नाही, नुसती चटई टाकली. आमी त्यायचा कापूस वेचो, त्या आमाले घासातला घास देत. प्रसेनजित म्हणे, "उत्तमरावाच्या पाया पडू, दुसऱ्या चौकशीत तरी बरं बोलीन." मी म्हटलं, "पाया पडान त पह्यले माह्या मढ्यावरून जा."

अन् पाहा, कसा येते माणूस जाग्यावर. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. उत्तमराव सरपंचाले उभा राह्यला. आमच्या मोहल्ल्याचे मतं भेटल्याशिवाय त्याचं जमत नव्हतं, अन् मोहल्ला अन्नपूर्णाकाकूचं ऐके, अन् काकू माह्यं. आला मंग हात जोडत. काकूच्या अंगणात बाजेवर बसला.

"धम्मशीलाबाई, झालं गेलं इसरा. चौकशीले पोलीस आला का मी सांगतो, हे लोक माह्याच घरी होते, सोन्यासारखे हाय. तुमी फकत मोहल्ल्यात माह्यासाठी शब्द टाका."

प्रसेनजित हाव म्हणायले तोंड उघडत होता. मी त्याच्या आंधी बोलली. "पाटील, आमी तुमच्या वावरात राबलो. ते सावड होती. आमची सावड फेडा. काकूच्या वावरात एक दिवस या, सोता. कापूस वेचा. माह्या हातची भाकर खा, आमच्या पंगतीत."

त्याचं तोंड पाहासारखं झालं. प्रसेनजितनं मले कोपर मारलं. मले माहीत होतं, हा चिडून उठला त आमचं कॅनडा गेलं. पण माह्या जिभेवर माहा ताबा नव्हता, अन् खरं सांगतो, ठेवायचा बी नव्हता. उत्तमराव बराच वेळ मिशी चावत बसला. मंग म्हणे, "येतो."

आला. धोतराची ओटी बांधून काकूच्या वावरात वाकला. बोंडाचे टोकं बोटात घुसत, तो हात झटके, मोहल्ल्यातल्या बाया पदरात तोंड घालून हासत. मी नाही हासली. मी त्याच्या शेजारची कापसाची ओळ धरली अन् मुद्दाम जोरात वेचत पुढं गेली, म्हणजे त्याले मागं राह्यल्यासारखं वाटावं. दुपारी त्याले माह्या शेजारी बसवलं. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. तो घास घ्यायचा अन् इकडं तिकडं पाह्यचा. "पाणी?" मी पुसलं, अन् माह्या तांब्यातलं पाणी देल्लं. पेला. मले अख्ख्या जिंदगीत कोणाले पाणी देऊन एवढं बरं वाटलं नाही.

तेवढ्यात मोटरसायकल आली. दुसऱ्या चौकशीचा पोलीस, नवीन बदलून आलेला, तिकडं पुण्याकडचा. आमाले शोधत शोधत आला अन् उत्तमरावालेच म्हणे, "ए बाबा, इथला मालक कोण? उत्तमराव नावाचे कुठे भेटतील?"

आता मात्र सारं वावर हासलं. उत्तमराव लालेलाल. हात पुसत उभा राह्यला. "मीच उत्तमराव."

पोलिसाले पटेना. मंग सारं सांगितल्यावर त्यानं पुसलं, "हे तुमच्या घरी राहत होते का? भाडेकरू म्हणून?"

"भाडेकरू नव्हतो," मी मधातच म्हटलं. "सांगा पाटील, कशे होतो आमी तुमच्याकडं?"

त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी बी नजर हटवली नाही. "सावडीनं होते," तो पुटपुटला.

"म्हणजे काय?" पोलिसाले तो शब्द ठाऊक नव्हता. देवासारखा आला तो माणूस, खरंच!

"म्हणजे..." उत्तमरावानं बोंडं टोचलेले बोटं चोळले. "हे आमच्या वावरात काम करतात, आमी यायच्या वावरात. बरोबरीनं."

"बरोबरीनं," पोलिसानं लिहून घेतलं. सुवर्णानं माहा हात गच्च धरला.

इथं थांबायले पाह्यजे होतं. काकू बी म्हणे, "झालं ना व समाधान? आता दे त्याले मतं." पण मतं देतो असं मी त्याले कधी म्हटलंच नव्हतं. मी मोहल्ल्यात दारोदार फिरली. "त्यानं टायमावर आपल्याले ओळख देल्ली नाही, तुमी बी देऊ नका." काकूनं मले दारात अडवलं. "तुह्यं विमान हाय धम्मशीला, माह्यं वावर हाय. त्याच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच जातो मी वावरात." मी ऐकलं नाही. उत्तमराव पडला, अन् आमच्याच मोहल्ल्याच्या मतायनं पडला. मी पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी त्यानं जेसीबी आणला. काकूच्या वावराची वाट त्याच्या धुऱ्यावरून होती, ते खोदून टाकली, वरून बाभळीचे काटे टाकले. काकूचा कापूस वावरात पांढरा फटक उभा. नाल्यातून, गुडघाभर गाळातून डोक्यावर गाठोडे आणले तिनं. मले एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती त बरं झालं असतं.

अन् त्याच हप्त्यात मंजुरी आली. तिघांची. प्रसेनजित अंगणात नाचला, सुवर्णा रडली. मी म्हटलं, "तुमी दोघं व्हा पुढं. मी काकूच्या वाटेची केस तहसीलीत लावून, वाट मोकळी करून येतो."

"वेडी झाली का व तू?" प्रसेनजित ओरडला. "उन्हाळ्यापर्यंत पोचली नाही त तुहा व्हिसा बाद होते. तहसीलीतली केस उन्हाळ्यात सुटते का?"

काकू बी म्हणे, "जा व माय. माहा पुतण्या पाहीन केसचं. कापूस त मी नाल्यातूनच आणून घेईन."

"नाही," मी म्हटलं. "माह्यापायी झालं, मीच निस्तरीन."

 सकाळी सुवर्णा बॅग भरत होती. तिनं माह्याकडं न पाहताच पुसलं, "मम्मी, तू काकूसाठी राह्यतं का त्याच्यासाठी?"

मले खोटं बोलता आलं असतं. पण उत्तमराव रोज आपल्या ओट्यावर बसते, अन् मी रोज त्याच्यासमोरून तहसीलीले जाईन, त्यानं मले पाह्यलं पाह्यजे, रोज, हे माह्या डोळ्यासमोर असं लख्ख दिसत होतं का माह्या तोंडातून खरंच निघालं.

"त्याच्यासाठी," मी म्हटलं.

 बॅगेतून माहे लुगडे काढून तिनं बाजेवर ठेवले, अन् रिकाम्या झालेल्या जागेत सोताचे कपडे भरू लागली.