अर्धायुष्य तीस वर्षं

सोनाळ्याच्या पुंजाजीनं समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि गळ्यात माळ असल्यामुळे मासाही कधी ताटात आला नव्हता. त्याचा गोकुळ मात्र जपानात माशांवरच पोट भरत होता. फुटलेल्या अणुभट्टीजवळच्या समुद्रातले मासे कापायचे, त्यांचा खिमा करायचा आणि यंत्रात ठेवून किरणोत्सारी विष किती उतरलंय ते मोजायचं. जेवायला डाळभात.

शेगावचे शालिग्रामराव आपल्या अर्पितासाठी स्थळ पाहायला आले, तेव्हा पुंजाजीनं पोराची माहिती वहीतून वाचून दाखवली. गोकुळ फोनवर बोलत गेला तशी त्यानं ती उतरवून घेतली होती. उंची, शिक्षण, वय एकोणतीस आणि त्याच दमात खालची ओळ, "अर्धायुष्य तीस वर्षं."

शालिग्रामरावांनी बशी खाली ठेवली. म्हणजे पुढच्या वर्षी पोरगं अर्धं संपणार का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. पुंजाजीलाही पहिल्यांदाच शंका आली. साठ काही वाईट नाहीत, त्याची बायको आशाबाई म्हणाली, तिचे सासरे पंचावन्नातच गेले होते.

शेवटी गोकुळलाच व्हिडिओ कॉल लावला. ते आयुष्य त्याचं नाही, सीझियमचं, म्हणजे माशांतल्या त्या विषाचं, असं त्यानं सांगितलं. तीस वर्षांनी अर्धं उरतं, आणखी तिसांनी अर्ध्याचं अर्धं. ते समुद्रतळाच्या गाळात बसतं, गाळ किडे खातात, किड्यांना मासे खातात. माशाचे डोळे चकचकीत, खवले जागच्या जागी. वरून काही कळत नाही.

"मंग पुरं कवा संपते?" शालिग्रामरावांनी विचारलं.

"संपत नाही, मामाजी. कमी होत जाते."

त्याला स्वतःला कोणी मोजलंय का, हा पुढचा प्रश्न. गोकुळनं कागदच दाखवला. दर सहा महिन्यांनी मोजतात, साफ आहे. शालिग्रामराव कागद बराच वेळ पाहत राहिले. पोरगं चांगलं आहे, म्हणाले, दिसतंही चांगलं. पण वरून काही कळत नाही, असं तोच म्हणतो. मग त्यांनी चपला घातल्या.

पाहुण्यांची जीप गेल्यावर पुंजाजीनं पुन्हा फोन लावला.

"तो कागद मोठ्या अक्षरात भेटन का बे? शिक्का असन त बरं."

गोकुळ हसला. आता बहुतेक मासे साफच निघतात, तो म्हणाला, त्यांनाही कागद मिळतो. तरी बाजारात गिऱ्हाईक पेटी उघडतं, गाव विचारतं आणि पेटी झाकतं.

"मंग त्या माशाईचं काय करता तुमी?"

"परत मोजतो, बाबा."