फर्नेसवाला

"कोण आहे हो?" मालिनीकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

त्र्यंबकराव दार अर्धवट उघडून उभे होते. बाहेरचा गारठा सरळ दिवाणखान्यात शिरत होता, पण त्यांना दार धड उघडवत नव्हतं आणि धड लाववतही नव्हतं. पायरीवर अर्ल उभा होता. सहा फूट उंच, पंचाहत्तरीचा कृष्णवर्णीय गृहस्थ. टोपीवर बर्फ, अंगात खिसेच खिसे असलेलं जुनं जाकीट, काखेत एक चपटी कॅनव्हासची पिशवी.

"काय ट्रिम, मागच्या वेळी आला नाहीस," तो त्याच्या सावकाश इंग्रजीत म्हणाला. त्र्यंबकचं त्याच्या तोंडी 'ट्रिम' झालं होतं. "म्हटलं, बर्फामुळे अडकला असशील. तूच म्हणाला होतास ना, कधीही घरी ये म्हणून? तर आलो."

म्हणाले होते खरं. आपल्याकडे 'या ना घरी कधीतरी' म्हणायला काय जातं! ऐकणाराही मान डोलावतो आणि कधी येत नाही. अर्लला ही रीत कुणी सांगितली नव्हती. त्याने त्या बोलण्यावर सरळ विश्वास ठेवला होता.

आत संक्रांतीची मंडळी जमली होती. चारुता पेटी पुढ्यात घेऊन बसली होती, आणि नेपरव्हिल गावातल्या सगळ्या मराठी घरांत त्र्यंबककाकांचा दबदबा असा, की त्यांच्यासमोर गायचं म्हणजे सूर घासूनपुसून आणायचा. गंधार केसभर हलला तरी काकांचा एक डोळा बारीक व्हायचा. अशा कानसेनाचं लायब्ररीतलं प्रकरण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मालिनीकाकूंना वाटायचं, हे तिथे पेपर वाचायला जातात.

निवृत्तीनंतर एकदा ते पुस्तक परत करायला गेले, तर मागच्या खोलीतून बेअरिंग गेलेल्या पंपासारखा आवाज आला. पंपांच्या कारखान्यात सगळी हयात गेलेला माणूस, सवयीने आत डोकावला. आत पाचसहा म्हातारे डोळे मिटून सॅक्सोफोनची रेकॉर्ड ऐकत होते. ताल नाही, सम नाही, नुसता आक्रोश. जो आवाज बंद करण्याचा आपण आयुष्यभर पगार घेतला, तो इथे कुणीतरी जीव तोडून मुद्दाम काढतंय, हे ऐकून त्र्यंबकरावांचे पायच हलेनात. अर्लने शेजारच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली आणि ते बसले.

तेव्हापासून दर महिन्याला ते जात. त्या मंडळींचा एक नेम होता. प्रत्येकाने आपली जिवापाड आवडती रेकॉर्ड महिन्याभरासाठी दुसऱ्याला न्यायला द्यायची. टपालाने नाही, कुणाबरोबर नाही, हातातून हातात. या महिन्यात अर्लची रेकॉर्ड त्र्यंबकरावांकडे यायची होती. ती पिशवीत घालून द्यायला म्हातारा बर्फातून गाडी चालवत आला होता.

"काका, कोण आलंय? एनी प्रॉब्लेम?" म्हणत राजेश दिवाणखान्यातून उठून आला. मागोमाग आणखी दोघांच्या माना वळल्या. पेटी थांबली. सगळ्यांनी अर्लकडे पाहिलं, मग काकांकडे. कुणी काही वाईट बोललं नाही, पण दारात असा माणूस उभा असला की आपली मंडळी कशी पाहतात ते त्र्यंबकरावांना चांगलं माहीत होतं. त्यांनी स्वतःही अनेकदा तसंच पाहिलं होतं.

"काही नाही रे," ते मराठीत म्हणाले. मग जीभ आपोआपच इंग्रजीवर वळली. "फर्नेसवाला आहे. घरात हीटिंग नीट होत नाही, म्हणून खालची फर्नेस बघायला बोलावलं होतं."

अर्लचा चेहरा क्षणभर कोरा झाला. त्याने त्र्यंबकरावांकडे पाहिलं, राजेशकडे पाहिलं, पेटीपाशी बसलेल्या बायकांकडे पाहिलं. त्याने नुसतं हसून 'मी तर याचा मित्र' म्हटलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. त्याने टोपी काढली.

"येस सर," तो म्हणाला. "बेसमेंट कुठल्या बाजूला?"

आजवर त्याने त्र्यंबकरावांना कधी सर म्हटलं नव्हतं.

तो खाली गेला. चारुताने पद पुन्हा उचललं. त्र्यंबकराव बसले खरे, पण त्यांना एकही सूर ऐकू येईना. आता उठावं, खाली जावं, माफी मागावी, हात धरून त्याला वर आणून सगळ्यांत बसवावं, असं दर ओळीला वाटत होतं. आणि दर ओळीला ते मांडी घट्ट करून बसून राहत होते. खालून कसलीतरी खुडबुड येत होती. चारुताचा गंधार चांगलाच घसरला, तेव्हाही त्यांचा डोळा बारीक झाला नाही.

बऱ्याच वेळाने अर्ल वर आला. मालिनीकाकूंनी त्याच्यापुढे तिळगुळाची वाटी धरली. "टेक धिस. ईट स्वीट, स्पीक स्वीट, दॅट इज द कस्टम."

"छान रीत आहे, मॅम," अर्ल म्हणाला आणि एक लाडू उचलला.

"काका, याचा नंबर द्या ना," राजेश म्हणाला. "आमच्याकडे पण वरच्या मजल्यावर हीटिंग नीट होत नाहीये."

"नंबर नाहीये माझ्याकडे," त्र्यंबकराव म्हणाले.

अर्ल दाराशी वाकून बूट घालत होता. त्याने वर पाहिलं नाही. पिशवी काखेत धरून तो बर्फात उतरला. त्र्यंबकराव दाराच्या काचेतून बघत राहिले. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मागून कुणीतरी "काका, भैरवी!" म्हटलं म्हणून मिटलं.

"आलो," म्हणत ते बेसमेंटमध्ये गेले. रेकॉर्ड खाली ठेवून गेला असेल, ही एक वेडी आशा होती. त्यांनी खुर्ची पाहिली, शेल्फ पाहिलं, खोक्यांमागे हात घालून पाहिलं. रेकॉर्ड नव्हती. हातातून हातात, हा नेम अर्लने मोडला नव्हता.

फर्नेसपाशी मात्र धुळीने काळाठिक्कर झालेला जुना फिल्टर भिंतीला टेकवून ठेवला होता. फळीवर कित्येक महिने पडून असलेला नवा फिल्टर आत नीट बसवलेला होता, आणि पुढची फरशी पुसलेली होती. आपल्या मित्राचं खोटं उघडं पडू नये, म्हणून म्हाताऱ्याने गुडघे टेकून ते खरं करून ठेवलं होतं.

"अहो, ऐकलंत का?" वरून मालिनीकाकूंचा खूश आवाज आला. "बघा, कशी छान ऊब यायला लागली! चांगला होता हो माणूस!"

त्र्यंबकराव पुसलेल्या फरशीवर मटकन खाली बसले. वर भैरवी सुरू झाली होती.